हौद्यातला झेंडू

माळी ठेवायचा असंल तर बायकोला विचारून ठेवावा, एवढंच मला सांगायचं हाय. पुढचं सगळं सांगतोय ते मला गप बसवत न्हाय म्हणून.

प्लेगची सालं सरली आणि आमचं डोकं फिरलं. आमचं म्हंजे माझं. मंगळवार पेठेतलं घर दाटीचं, बोळ अरुंद, हवा म्हणून न्हाय, असं मी दरबारच्या कचेरीत भेटंल त्याला सांगत सुटलो. तिथं मी तीस वर्षं कारकुनी केली. पेन्शन झाल्याबरोबर रंकाळ्याच्या वरच्या अंगाला जागा घेतली आणि चार खोल्यांचं कौलारू घर बांधलं. पुढं पडवी, मागं विहीर, भोवतीनं वीस गुंठे आवार. लोक त्याला बंगला म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचो. जुनं घर धाकट्या भावाला दिलं आणि आमी दोघं हिकडं ऱ्हायला आलो. महाराज गादीवर येऊन तवा चौदा-पंधरा वर्षं झालती.

हवा भरपूर होती. पण धोंडुबाई, म्हंजे आमचं कुटुंब, त्या हवेत काय रमंना. सगळा संसार तिनं एका बोळात केलेला. तिथं सकाळी उंबऱ्यावर उभी ऱ्हायली की समोरच्या उंबऱ्यावर विठाबाई उभी. दोघींचं बोलणं उन्हं वर येईस्तोवर चालायचं. हितं उंबऱ्यावर उभं ऱ्हायलं की समोर म्हशी. बरं, ती तक्रार करायची न्हाय, तेच वाईट. फक्त घराचा विषय निघाला की 'तुमच्या बंगल्यात' म्हणायची. तुमच्या बंगल्यात चूल धुरावती. तुमच्या बंगल्यात दोन मांजरं शिरल्यात. मांजरं बी माझी.

चैत्रात एक दिवस जेवाय वाढताना तिनं विचारलं, "अवं, नवरात्राचं काय करायचं?"

"आत्ता चैत्र चाललाय की."

"म्हणून तर विचारते."

आमच्या घरची रीत अशी की घटावर रोज एक माळ, नऊ दिवस नऊ माळा, आणि फुलं आपल्या दारातली. बाजारचं फूल घटाला चालत न्हाय. माझ्या आईनं घालून दिलेली शिस्त, आणि सुनंनं ती सासूपेक्षा कडक पाळली. जुन्या घराच्या परसात चार हात जागा होती. तिच्यात धोंडुबाई झेंडू लावायची आणि नऊ माळा हमखास निघायच्या. हितं वीस गुंठ्यांत उगवत काय होतं, तर कुसळं.

"फुलं आली तर घट हितं बसवू," ती म्हणाली. "न्हाय आली तर मंगळवारात भाऊजींच्याकडं बसवीन. माझा झेंडू हाय तिथं अजून."

"बसव की. नऊ दिवस जाऊन ये."

तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "घट जिथं, मी तिथं."

"आणि दसऱ्यानंतर?"

"दसऱ्याचं दसऱ्याला बघू."

 ही बाई बोलती कमी, आणि बोलली की करती. दसऱ्यानंतर ती माघारी येणार न्हाय हे मला तिथंच पाटावर कळलं, आणि खरं सांगतो, मला भ्या वाटलं. चार खोल्या, मी आणि दोन मांजरं.

"माळी ठेवतो," मी म्हणालो. "चांगला, भरवशाचा."

"मग बाजारात सुलतानबी बसती, तिला विचारा. बागवानांच्या घरची हाय, रोपं विकती. कोण माळी कसा हाय ते तिला ठावं असतं."

"बाईमाणसाला काय विचारायचं? तीस वर्षं कचेरीत माणसंच बघितल्यात मी. मला माणूस वळखता येतो."

 ती ताक वाढून आत गेली.

पहिला माळी आला तो तीन साहेबांच्या चिठ्ठ्या घेऊन. चिठ्ठ्या इतक्या चांगल्या होत्या की तीन साहेबांनी ह्याला सोडला का, हे विचारायचंच ऱ्हायलं. आठ दिवसांत कळलं. गडी उंबराखाली झोपायचा आणि ऊन फिरलं की घोंगडं फिरवायचा. दुसरा ह्याच्या उलट. त्यानं चार दिवसांत फुललेल्या गुलाबाची सहा झाडं उभी केली. मी खूश. पाचव्या दिवशी पलीकडच्या आवारातनं शेजारी बाळासो काठी टेकत आले आणि एकेका झाडाला काठी लावून म्हणाले, "हे माझं. हे बी माझं." सहाच्या सहा झाडं त्यांची निघाली. धोंडुबाई खिडकीतनं बघत होती. तिनं मला एका शब्दानं विचारलं न्हाय, की माणूस वळखायचं काय झालं.

वैशाख निम्मा सरला आणि पिराजी आला. दारात उभा ऱ्हायला तो दार भरलं. डोक्याला विटका गुलाबी फेटा, एका गुडघ्यात लंगडत होता, आणि दोन्ही कान पैलवानाचे, मोडून भज्यागत झालेले. त्या कानांकडं बघून मी ताडकन उठलो.

"तू कोडोलीचा पिराजी न्हवं?"

"व्हय जी."

आता ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार न्हाय. तीन वर्षांमागं पेठ वडगावच्या मैदानात मी ह्या पिराजीची कुस्ती बघितलीती. समोरचा पैलवान परमुलखातला, ह्याच्या दीडपट. दोन तास पिराजी त्याच्या खाली होता आणि दोन तास त्यानं पाठ मातीला लावू दिली न्हाय. शेवटी दिवस मावळला आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. जिंकणाऱ्याला मैदानात फेटा बांधत्यात; बरोबरीत सुटली की फेटा कुणालाच न्हाय. मी वरडून वरडून घसा बसवून घेतलाता. चार दिवस कचेरीत खुणंनं बोलत होतो. त्याच कुस्तीत त्याचा गुडघा गेला, आणि मग तालीम सुटली, असं आता त्यानं सांगितलं. डोक्याचा फेटा स्वतःच विकत घेतलेला. मैदानात फेटा बांधून घ्यायचा योग त्याच्या नशिबी कधी आलाच न्हाय.

"बागकाम येतं काय?" मी विचारलं.

"माती कळती जी. जल्म मातीत गेला."

आता मला सांगा, ह्याहून चांगलं उत्तर कुठला माळी देणार? आतनं धोंडुबाई म्हणाली, "झेंडूचं रोप कसं असतं तेवढं विचारा त्याला." मी म्हणालो, "उगा चौकशा नकोत." दोन तास पाठ लावू न देणारा माणूस भरवशाचा नसंल तर कोण असणार? पिराजीला विहिरीजवळची खोपी दिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काम सुरू झालं.

आणि काम म्हंजे काम. विहिरीमागची जमीन त्यानं गुडघाभर खणली. दगड येचले, मुरूम उपसला. जोतिबाच्या डोंगराकडची तांबडी माती दोन गाड्या आणवली आणि सगळी चाळणीनं चाळली, खडा म्हणून ठेवला न्हाय. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा ऱ्हायला.

"आक्का, दोन घागरी ताक मिळंल?"

धोंडुबाईनं ताक दिलं. दुसऱ्या दिवशी हळद मागितली. तिसऱ्या दिवशी लिंबं, चौथ्या दिवशी गोडं तेल.

"तेल बी?" धोंडुबाई म्हणाली. "बागेचं लगीन हाय का काय?"

"माती घडवाय लागती, आक्का."

मी जाऊन बघितलं. तांबडी, मऊ, पाय ठेवला की घोट्यापर्यंत जाणारी माती, आणि तिला तो वास. तालमीच्या हौद्याचा, कुस्तीच्या आखाड्याचा वास. मी डोळं मिटून हुंगलं आणि माझं वय इसरलो. ज्या मातीत माणसं वाढत्यात तीत झेंडू वाढणार न्हाय व्हय? कोल्हापुरात जल्मलेल्या कुणालाबी विचारा, तो हेच म्हणंल. महाराजांच्या कृपेनं गल्लोगल्ली तालमी चालल्यात. पोरगं चालाय लागलं की त्याला आधी मातीत लोळवत्यात आणि मग पाटी देत्यात. धोंडुबाईला मी हेच समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तेल संपलंय. उद्या भाजी उकडून मिळंल."

मिरगाला झेंडूचं बी टाकलं. आणि दुसऱ्या दिवसापासनं मी काय बघावं, तर पिराजी पहाटे फावडं घेऊन माती खालीवर करतोय. रोज. पाऊस असो, नसो, एक दिवस खाडा न्हाय. घाम गाळून सगळा वाफा उकरायचा, परत हातानं सारखा करायचा, आणि मग त्या मातीच्या पाया पडायचा.

"असा गडी बघितलाय काय?" मी शेजारच्या बाळासोंना म्हणालो. "तुमच्या माळ्यानं जल्मात एवढी माती उकरली नसंल."

"न्हाय उकरली," बाळासो म्हणाले. मग वाफ्याकडं बघून म्हणाले, "उकरायची असती व्हय?"

मी त्यांच्याकडं लक्ष दिलं न्हाय. सहा गुलाबांचा राग माणूस असा काढतो.

आषाढ लागला. एक कोंब न्हाय. परत बी टाकलं. आषाढ निम्मा गेला, आणि वाफा आपला तांबडा, मऊ, स्वच्छ. तिसऱ्यांदा बी टाकलं. पिराजीच्या तोंडावरची रया गेली. तो आता दिवसातनं दोनदा उकराय लागला.

मग एक दिवस मी देवघरात डोकावलो. धोंडुबाईनं घटाचा तांब्या चिंचंनं घासून लखलखीत केलाता. तो, पाट, समई, सगळं एका पांढऱ्या धडप्यात बांधलेलं होतं. गाठ मारून गठुडं कोपऱ्यात ठेवलेलं. अजून दोन महिने होते आणि बाईनं सामान बांधलं. मी गठुड्याकडं बघितलं, पायात वहाणा घातल्या आणि टांगा करून थेट बाजार गाठला.

सुलतानबी बाजाराच्या तोंडाला पाटीत रोपं मांडून बसलीती. वय झालेलं, दात दोन-चारच, पण जीभ तेज.

"किती देऊ, पावणं?"

"रोपं नकोत. जरा आमच्या आवारात येऊन बघाल काय? उगवत न्हाय."

"काय उगवत न्हाय?"

"काहीच."

तिनं मला खालवर न्याहाळलं. "काहीच उगवू न द्यायला बी अक्कल लागती. चला बघू."

टांग्यातनं उतरली ती सरळ वाफ्याशी गेली. मूठभर माती उचलून नाकाला लावली. माझ्याकडं बघितलं. परत नाकाला लावली.

"ह्यात तेल कुणी वतलं?"

मी पिराजीकडं बघितलं. पिराजीनं मातीकडं बघितलं. "मी," तो म्हणाला.

"हळद?"

"मीच."

"आनि लिंबू?"

"शंभरभर पिळली जी."

"लोणचं घातलंस की रं," सुलतानबी म्हणाली. "बरं, बी पेरल्यावर काय केलंस?"

"रोज पहाटे उकरली. माती मऊ ऱ्हायाला पायजे न्हवं?"

म्हातारी वाफ्याच्या कडंला बसलीच. पदर तोंडाला लावला आणि अशी हसली, अशी हसली, की मला वाटलं हिला पाणी द्यावं लागतंय. मग डोळं पुसून म्हणाली, "लेकरा, बी म्हंजे गरभार बाई. तू रोज पोट उघडून बघत होतास व्हय?"

पिराजीचा चेहरा मला बघवंना. पण त्याच्यापेक्षा माझी अवस्था वाईट होती. शेजारी बाळासो कुंपणाला टेकून सगळं ऐकत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "ऊठ," मी पिराजीला म्हणालो, "बोचकं उचल आणि चालाय लाग. माती कळती म्हणं."

 तो खोपीत गेला आणि बोचकं काखंत मारून बाहेर आला. तवर धोंडुबाई पदराला हात पुसत मागच्या दाराला आलीती.

"कुठं निघालास, पिराजी?"

"माझी चूक झाली, आक्का. बागंतलं मला काय कळत न्हाय. हौदा तेवढा कळतो."

धोंडुबाई माझ्याकडं वळली. "ज्याला चूक कळली त्याला घालवताय," ती म्हणाली, "आणि ज्याला अजून कळली न्हाय त्याला मी तीस वर्षं जेवाय घालतीय."

"मी काय केलं?"

"तुमी कान बघून माळी ठेवला."

कुंपणापलीकडं बाळासोंना खोकला लागला.   खरंच होतं ते.

धोंडुबाईनं सुलतानबीला विचारलं, "घटापर्यंत फूल धरंल काय आता?"

सुलतानबीनं बोटांवर हिशेब केला. "चार दिसांनी सावन लागंल. झेंडूची रोपं माझ्याकडं वीतभर वाढलेली हायत. ही माती सगळी काढा, काळी माती घाला, शेणखत घाला. मग धरंल. वचन न्हाय देत."

"सगळी काढायची?" मी विचारलं.

"सगळी."

पिराजीनं बोचकं खाली ठेवलं. एवढंच. ठेवू का, ऱ्हाऊ का, असं काय विचारलं न्हाय. बुट्टी घेतली आणि भराय लागला.

पाच दिवस तो गडी त्या मोडक्या गुडघ्यानं माती वाहत होता. आमच्या खालच्या वस्तीत नवी तालीम निघालीती. तांबडी माती त्यानं डोक्यावरनं तिथं नेऊन टाकली. तिथल्या पोरांची दिवाळी झाली. तेल प्यालेली, हळद लावलेली, चाळणीनं चाळलेली इतकी देखणी माती त्यांनी कधी बघितली नव्हती. वस्ताद आमच्या घरी येऊन माझे आभार मानून गेला. मी म्हणालो, त्यात काय एवढं. मळ्यातली काळी माती आणि समोरच्या गवळ्याच्या गोठ्यातलं शेणखत वाफ्यात पडलं, आणि सुलतानबीनं स्वतः वाकून रोपं लावली. जाताना पिराजीच्या हातातलं फावडं काढून धोंडुबाईच्या हातात दिलं.

"हे तुमच्याकडं ठेवा. ह्यानं आता नुस्तं बघायचं. तण दिसलं तर दोन बोटांनी काढायचं. त्याच्यावर काय न्हाय."

धोंडुबाईनं फावडं देवघरात ठेवलं, त्या गठुड्याशेजारी.

पिराजीला सगळ्यात जड गेलं ते हे. पहाटे उठायची सवय मोडंना. उठायचा, वाफ्याजवळ यायचा आणि दोन्ही हात काखंत दाबून उकिडवा बसायचा. मला बी झोप येईना, मी त्याच्याशेजारी जाऊन बसायचो.

"आण्णा, हात शिवशिवत्यात," एकदा तो म्हणाला.

"काखंतनं काढू नको."

थोड्या वेळानं मी त्याला विचारलं, "वडगावला त्या दोन तासांत तू काय करत होतास रं खाली?"

"काय न्हाय जी," पिराजी म्हणाला. "दम धरून पडून होतो. लोकांना वाटतं डाव टाकणं अवघड. पडून ऱ्हाणं लई अवघड."

श्रावण गेला. भादव्यात रोपं गुडघ्याला लागली. गणपती गेले आणि मिऱ्याएवढ्या कळ्या दिसाय लागल्या. धोंडुबाई विहिरीवर जाता-येता वाफ्याकडं बघायची, पण थांबायची न्हाय. मी रोज देवघरात डोकावायचो. गठुडं तसंच होतं, गाठीसकट.

आणि अमावास्या चार दिवसांवर आली असताना गगनबावड्याच्या अंगानं आभाळ आलं. तीन दिवस नुस्ता वारा आणि पाऊस. कौलं उडाली, शेजारच्या बाळासोंचा पेरू मुळासकट आडवा झाला. खिडकीच्या फटीतनं मी बघितलं, तर झेंडूची सगळी रोपं भुईसपाट झालीती. मी खिडकी लावली आणि परत उघडली न्हाय. हाय खाल्ली म्हणा. पिराजी दिसला न्हाय. तोंड चुकवून कोडोलीला गेला असंल, असं मी धरून चाललो. गेला असता तर त्याला बोल लावायला मला तोंड नव्हतं.

अमावास्येला दुपारी पाऊस जरा थांबला. मी कुणाला न सांगता बाजारात गेलो आणि झेंडूची एक माळ घेतली. मनगटाएवढी जाड. घरी येऊन ती माझ्या फेट्याच्या पेटीत लपवली. मी ठरवलं होतं, खोटं बोलायचं. आईची शिस्त मोडायची आणि सांगायचं, ही आपल्या दारातलीच. माणूस एकटा पडायच्या भीतीनं काय काय करतो बघा.

घटस्थापनेच्या सकाळी आभाळ मोकळं झालतं. मी मागच्या दारानं बाहेर आलो. बघतो तर वाफ्याशेजारी पिराजी उभा, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला आणि डोक्यानं बोडका. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी त्याच्यावर खेकसलो.

"घटाचा दिवस हाय आज. सणासुदीला असं बोडक्यानं उभं ऱ्हातात? फेटा कुठाय तुझा?"

त्यानं डोक्यावरनं हात फिरवला. "हाय की जी," तो म्हणाला. "त्यो काय."

मी वाफ्याकडं बघितलं. एकूण एक रोप काठीला धरून उभं होतं. आणि एकूण एक रोपाला विटक्या गुलाबी कापडाची चिंधी बांधलेली होती.

"सुतळी वल्ली झाली की कापती," पिराजी म्हणाला. "साल सोलती रोपाची. मऊ कापड पायजे."

भर पावसात, चिखलात बसून, त्यानं आपला एकुलता एक फेटा फाडून दीडशे रोपं बांधलीती. आणि मी खिडकी लावून बसलोतो. झाडांवर कळ्याच कळ्या होत्या, आणि त्यांच्यात पंधरा-वीस फुलं उघडलीती. मला रडू आलं. तालमीच्या गावचा माणूस मी, सांगायला लाज वाटती, पण आलं.

धोंडुबाई मागं कधी येऊन उभी ऱ्हायली मला कळलं न्हाय. हातात सूप होतं. तिनं सगळा वाफा बघितला, चिंध्या बघितल्या, पिराजीचं डोकं बघितलं.

"पिराजी," ती म्हणाली, "घटाखाली घालाय माती दे. तुझ्या वाफ्यातली."

त्यानं कोरडी बघून, हातानं चाळून सूपभर माती दिली. तिनं हुंगली. "तेल?"

"न्हाय, आक्का."

"हिच्यात मी धान्य पेरणार हाय. नऊ दिवस उकरायचं न्हाय."

पिराजी हसला. हसताना मी त्याला पहिल्यांदाच बघितला.

गठुड्याची गाठ सुटली. घट बसला. धोंडुबाईनं पंधरा-वीस फुलांची माळ ओवली. ती जेमतेम हातभर झाली, घटावर कशीबशी पुरली. मी बाजूला बसून खाली बघत होतो. पेटीतली माळ माझा जीव खात होती. शेवटी मी म्हणालो, "एक सांगायचं हाय."

"ठावं हाय," ती म्हणाली. "कालपासनं तुमच्या फेट्याच्या पेटीतनं झेंडूचा वास येतोय. ती दाराला बांधा. घटाला ही पुरती."

मी पेटी उघडली, माळ काढली. तिच्याखाली माझा जरीचा फेटा होता, पेन्शनीत निघालो तवा कचेरीतल्या मंडळींनी बांधलेला. मी तो बी काढला आणि पिराजीला हाक मारली. तो पाय धुऊन दाराशी आला.

"आत ये. बस हितं, घटाम्होरं."

"का जी?"

"बस म्हटलं की बसायचं."

तो बसला. मी त्याच्या डोक्याला फेटा बांधाय लागलो. त्या मोडक्या कानांवरनं पहिला येढा गेला तवा त्यानं माझा हात धरला.

"आण्णा, हे कशाबद्दल?"

"वडगावची कुस्ती," मी म्हणालो. "आज निकाली झाली."

त्यानं हात सोडला आणि मान खाली घातली. फेटा पुरा होईस्तोवर त्यानं मान वर केली न्हाय. धोंडुबाई समईतलं तेल उगीचच सारखं करत बसली.

दुपारी टांगा वाजला. मंगळवारातनं विठाबाई आलीती, फळांची पाटी घेऊन. "काय गं," ती बाहेरनंच म्हणाली, "तू घट घेऊन बोळात येणार म्हणून आमी सकाळपासनं डोळं लावून बसलोय." मग मागच्या दारानं वाफा दिसला तशी ती थेट तिकडं गेली. मी मागच्या दारात सुपारी कातरत बसलोतो. तिथनं मला दोघी दिसत होत्या.

विठाबाईनं एका फुलाला हात घातला.

"हात लावू नको, विठाबाई," धोंडुबाई म्हणाली. "उद्याच्या माळंची हायत ती. आमच्या दारातली फुलं हायत, आमाला नऊ दिवस पुरवायची हायत."

आमच्या दारातली. मी अडकित्ता खाली ठेवला आणि कान टवकारून बसलो, परत म्हणती काय बघावं म्हणून. तेवढ्यात आत भांडं पडल्याचा आवाज आला आणि धोंडुबाई तिथनंच वरडली, "अवं, बघा जरा, तुमची मांजरं दुधात तोंड घालाय लागल्यात."